आई गेल्यावर रोजचा दिवस कसा चालवायचा

पहिले काही दिवस माणसं, फोन आणि धावपळ यांत निघून जातात. खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते. पाहुणे परततात, रजा संपते, आणि सकाळी नेहमीच्या वेळेला गजर वाजतो. हा लेख त्या सकाळपासून पुढच्या साधारण वर्षभरासाठी आहे.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ते आधी सांगतो. आई जाते तेव्हा घरातून दोन गोष्टी एकदम जातात: ती स्वतः, आणि ती करत असलेलं काम. रडू येतं ते पहिल्यासाठी. चिडचिड, गोंधळ, भावंडांमधली धुसफूस ही बरीचशी दुसऱ्यापायी असते. दोन्ही एकाच गाठोड्यात राहिलं की माणूस नुसतं म्हणत राहतो, "काही सुचतच नाही." काम वेगळं काढलं तर ते वाटून घेता येतं, आणि दुःखाला थोडी मोकळी जागा मिळते.

दुसरं, शोकाच्या "पाच टप्प्यां"च्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मागे लागू नका. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी 1969 साली मांडलेले टप्पे मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून सुचलेले होते, मागे राहिलेल्यांवरून नव्हे. "मला अजून राग आला नाही, म्हणजे माझं काही चुकतंय का?" ही काळजी त्यामुळे बिनकामाची. रोजच्या जगण्याला जास्त जुळणारं वर्णन मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये केलं: माणूस कधी गेलेल्या व्यक्तीकडे ओढला जातो, कधी वीजबिलाकडे, आणि दिवसभर या दोन्हींत ये-जा करत राहतो. सकाळी ढसाढसा रडून दुपारी एखाद्या विनोदावर हसलात, तर त्यात आईशी प्रतारणा नाही. ही ये-जा चालू असणं चांगलं. अडचण होते ती कुठल्याही एका टोकाला महिनोन्महिने अडकल्यावर.

आधी शरीर

उमाळा येतो तेव्हा घसा आवळतो, श्वास पुरेना होतो, उसासे निघतात, पोटात पोकळी जाणवते, हातापायांतलं त्राण जातं. एरिक लिंडेमन या मानसोपचारतज्ज्ञाने 1944 साली हे नोंदवताना अशी एकेक लाट 20 मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकते असं लिहिलं होतं. म्हणजे ती ओसरते. त्या वेळेपुरते तीन नियम पाळा: गाडी चालवत असाल तर बाजूला घेऊन थांबा, कुठलाही निर्णय घेऊ नका, कुणालाही लांबलचक मेसेज पाठवू नका. पाणी प्या, पाय जमिनीवर टेकवून बसा आणि रडू येत असेल तर येऊ द्या. दाबलेला उमाळा बहुधा संध्याकाळी मुलांवर ओरडण्यात निघतो.

छातीत दुखलं, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात गेलं, घाम फुटला, तर "दुःखामुळे होतंय" म्हणून झोपून राहू नका. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या जवळपास 2000 रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात (2012) जवळची व्यक्ती गेल्यावर पहिल्या 24 तासांत झटक्याचा धोका सुमारे 21 पट वाढलेला दिसला. नंतर तो दिवसागणिक उतरत गेला. वडिलांना आधीच हृदयाचा त्रास असेल तर पहिल्या आठवड्यात त्यांच्या गोळ्या चुकणार नाहीत हे कुणीतरी रोज पाहिलं पाहिजे. अशा घरात सगळ्यात आधी चुकते ती नेमकी गोळी, कारण ती हातावर ठेवणारी आईच असते.

झोपेचं साधं वेळापत्रक असं: झोपायची वेळ कशीही असो, उठायची वेळ एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. अंथरुणात साधारण 20 मिनिटं तळमळत असाल तर उठून मंद उजेडात दुसऱ्या खोलीत बसा आणि झोप आली की परत या. चहा-कॉफी दुपारनंतर बंद, कारण कॅफिनचं प्रमाण शरीरात निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. दारूने डोळा लागतो, पण पहाटे तीनला उघडतो, आणि पहाटे तीन ही या काळातली सगळ्यात वाईट वेळ. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तरच घ्या. आईच्या उरलेल्या तर मुळीच नाही. तिच्या औषधांचा डबा पहिल्याच आठवड्यात रिकामा करून शिल्लक औषधं औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात परत घेतात का ते विचारा. शेवटच्या आजारात वेदनाशामक पट्ट्या लावल्या असतील तर वापरलेल्या पट्टीतही औषध उरतं. लहान मुलांच्या हाती लागता कामा नये.

भूक नसली तरी घड्याळ बघून तीनदा थोडं खा. डोकं जड आणि विसराळू होणं या काळात अगदी नेहमीचं. किल्ली, पाकीट आणि मोबाईल यांची एकच जागा ठरवा. गॅस बंद केल्यावर तसं मोठ्याने म्हणा. विचित्र वाटेल, पण पाच मिनिटांनी परत बघायला जावं लागत नाही.

आईचा आवाज ऐकू आल्यासारखं वाटलं, स्वयंपाकघरात ती आहेशी वाटली, तर घाबरू नका. ड्यूई रीस या डॉक्टरने 1971 साली वेल्समधल्या जोडीदार गमावलेल्या 293 जणांना विचारलं, तेव्हा जवळजवळ निम्म्यांनी असे अनुभव सांगितले होते. वेड लागल्याची ती खूण नाही.

कामावर परत जाताना

जमत असेल तर आठवड्याच्या मध्यावर रुजू व्हा. सोमवारी गेलात तर पाच दिवसांचा डोंगर दिसतो. बुधवारी किंवा गुरुवारी गेलात तर दोन-तीन दिवसांत सुट्टी येते. आदल्या दिवशी साहेबांना किंवा मॅडमना छोटा मेसेज टाका: "उद्यापासून येतोय. पहिले दोन आठवडे नवीन जबाबदारी नको, चालू काम करतो. महत्त्वाचं काही असेल तर लिहून पाठवा, तोंडी सांगितलेलं सध्या लक्षात राहत नाही." हे शेवटचं वाक्य जरूर टाका. "सांभाळून घ्या" म्हटलं तर समोरच्याला नेमकं काय करायचं ते कळत नाही.

मग एका सहकाऱ्याला निरोप्या करा. बाकीच्यांना काय सांगायचं ते त्याच्याकडे द्या: विचारपूस केलेली चालेल की नको, आजाराचे तपशील विचारू नयेत, मिठी नको असेल तर तेही. "कशाने गेल्या?" हा प्रश्न तरीही दहा जण विचारणारच. त्याचं एका ओळीचं उत्तर आधी पाठ करून ठेवा आणि त्याला विषय बदलणारी शेपटी जोडा: "आजारी होती, गेल्या महिन्यात गेली. तुमची ती फाईल आली का?" समोरच्यालाही सुटका हवीच असते.

रडू येईल तेव्हा कुठे जायचं ती जागा पहिल्याच दिवशी हेरून ठेवा: जिना, गाडी, रिकामी मीटिंग रूम. दहा मिनिटं, तोंडावर पाणी, परत जागेवर. मीटिंगमध्ये भरून आलं तर "दोन मिनिटांत येतो" एवढं पुरे. माफी मागत बसलं की आणखी भरून येतं. पैशांचे आकडे, औषधाचे डोस, यंत्रावरचं काम असं चुकल्यावर महागात पडणारं काही तुमच्याकडे असेल, तर पहिला महिनाभर दुसऱ्या कुणाची नजर फिरल्याशिवाय पुढे पाठवू नका. नोकरी सोडणं, घर विकणं, गाव बदलणं हे शक्य असेल तर निदान सहा महिने लांबवा.

आईचं काम

इथे वेळ द्या. एक वही घ्या आणि दोन आठवडे, "हे आई बघायची" किंवा "हे आईलाच ठाऊक होतं" असं मनात आलं की लगेच लिहा. एका बैठकीत आठवून यादी करू नका, कारण तिची निम्मी कामं कुणाला दिसतच नव्हती. ती अडल्यावरच कळतात. गॅसचा नंबर कुठे लावायचा, कुठल्या किल्लीला कुठलं कुलूप, पाण्याची टाकी कधी धुवायची, कुणाच्या घरी कुठला वाढदिवस, वडिलांच्या चष्म्याचा नंबर, कुणाशी बोलताना कुठला विषय काढायचा नाही.

दोन आठवड्यांनी प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक लिहा: कुणी करायचं, किती दिवसांनी करायचं, की बंद करायचं. "बंद" हा रकाना महत्त्वाचा. आई करायची म्हणून तेरा कामं चालू ठेवायची आणि तीन महिन्यांनी तिच्या आठवणीवरच चिडायचं, हे फार घरांत होतं. जे काम फक्त तिला आवडत होतं म्हणून होत होतं ते सुखाने थांबवा. आणि वाटणी वहीवर करा, तोंडी नको. तोंडी वाटणीत सगळं थोरल्या मुलीवर किंवा आईजवळ राहणाऱ्या सुनेवर जाऊन पडतं आणि बाकीच्यांना आपण खूप करतोय असं वाटत राहतं.

वहीत सहसा येत नाही असं एक काम म्हणजे निरोप मवाळ करणं. भाऊ म्हणालेला असतो, "मला जमणार नाही." आई बहिणीला सांगते, "अगं, त्याला फार काम आहे, त्याचा जीव तुटतोय." आई गेल्यावर भावंडं पहिल्यांदाच एकमेकांचं बोलणं जसंच्या तसं ऐकतात आणि "दादा बदलला" असा निष्कर्ष निघतो. दादा बहुधा तसाच होता. यावर उपाय दोन. पैसे, घर, वडिलांची सोय असे विषय ग्रुपवर लिहून काढू नका, फोनवर बोला. आणि आठवड्यातून एक ठरलेली वेळ ठेवा, अर्धा तास, सगळे एकदम. पहिल्या महिन्यात मालमत्तेच्या वाटणीचा विषय त्यात आणायचा नाही एवढं आधीच ठरवा.

वडील असतील तर आणखी एक पोकळी दिसेल. मुलांच्या बातम्या त्यांच्यापर्यंत आईच्या फोनवरून पोचत असत. आता त्यांचा फोन वाजतच नाही. त्यांना स्वतंत्र फोन करा, रोज एकाच वेळी, पाच मिनिटं का होईना. "कसे आहात?" विचारलंत तर "ठीक" एवढंच येईल. "बाबा, संध्याकाळची गोळी घेतलीत का? आज बाहेर कुठवर जाऊन आलात?" असं विचारलंत तर बोलणं पुढे सरकतं. त्यांना लगेच आपल्या घरी हलवायची घाई करू नका. बायको गेल्यावर महिन्याभरात घर, शेजार आणि अंथरूणही बदललं, तर सांभाळायला ओळखीचं काही उरत नाही. मात्र जेवण टाळणं, आंघोळ टाळणं, सारख्या गोळ्या चुकणं दिसलं तर वाट पाहू नका.

तुम्ही आईला फोन करायचात त्या वेळेचंही बघावं लागतं. रोज संध्याकाळी परतताना तिच्याशी बोलत असाल तर त्या वेळी हात आपोआप मोबाईलकडे जाणार. ती वीस मिनिटं रिकामी ठेवू नका. त्या वेळी वडिलांना किंवा मावशीला फोन करा, चाला, किंवा आईला सांगायचं ते वहीत लिहा. तिच्या नंबरवर मेसेज टाकू नका. का, ते पुढे येतंच.

तिचा मोबाईल आणि तिचा आवाज

मोबाईल हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे तो चार्ज ठेवणं आणि सिम चालू ठेवणं. बँका आणि इतर कार्यालयांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. सगळी कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत रिचार्ज चुकवू नका. (त्या ओटीपीने तिच्या खात्यातून पैसे काढणं मात्र बहुतेक ठिकाणी नियमबाह्य. रीतसर अर्ज करा आणि मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती आधीच घेऊन ठेवा.) लॉक माहीत नसेल तर अंदाजाने टाकत बसू नका. ठरावीक चुकांनंतर काही फोन कायमचे बंद होतात, काही स्वतःला पुसून टाकतात.

फोन उघडत असेल तर या क्रमाने जा. आधी फोटो आणि व्हिडिओ संगणकावर उतरवा. मग व्हॉट्सॲपमधले व्हॉइस मेसेज. अँड्रॉइडवर ते व्हॉइस नोट्सच्या फोल्डरमध्ये 'ओपस' प्रकारच्या फाईलमध्ये असतात. काही प्लेअर त्या वाजवत नाहीत, म्हणून एमपीथ्री करून एक जास्तीची प्रत ठेवा, पण मूळ फाईल पुसू नका. चॅट एक्स्पोर्ट करता येतात, मात्र फार मोठ्या चॅटमधला जुना भाग सुटतो. तुमच्या स्वतःच्या फोनमधलंही तिच्याबरोबरचं चॅट म्हणूनच वेगळं उतरवा. नातेवाइकांनाही विचारा. तिचा आवाज सगळ्यात जास्त त्यांच्याच फोनमध्ये सापडतो, कधी एखाद्या समारंभाच्या व्हिडिओत मागून ओरडतानाचा. एकूण तीन प्रती करा: दोन वेगवेगळ्या उपकरणांवर, एक दुसऱ्याच घरी किंवा क्लाउडवर.

घाई करायचं कारण असं: बराच काळ न वापरलेली खाती कंपन्या पुसतात. व्हॉट्सॲपमध्ये ही मुदत साधारण 120 दिवसांची आहे, गूगल खात्यासाठी दोन वर्षांची. आणि बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला मिळतो. तेव्हा आईला म्हणून पाठवलेला मेसेज अनोळखी माणूस वाचतो, आणि "तुम्ही कोण?" असं उत्तर आलं की महिन्याभराची घडी विस्कटते. उतरवून झालं की लगेच सगळं ऐकत बसायची गरज नाही. फोल्डरला नाव द्या, बंद करा. ऐकायचं ते अशा दिवशी, जेव्हा पुढच्या तासाभरात कुठे जायचं नसेल.

कपाट

पहिल्या महिन्यात कपाटाला हात लावू नका, आणि एकट्याने तर नकोच. अपवाद फक्त कागदपत्रं, दागिने आणि औषधांचा. तिचे वैद्यकीय रिपोर्टही फेकू नका. कुठला आजार कितव्या वर्षी निघाला हे लिहून तुमच्या डॉक्टरांना द्या. स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग, मधुमेह, हृदयविकार असेल तर मुलामुलींच्या तपासण्या कधी सुरू करायच्या हे त्यावरून ठरतं.

नंतर एका वेळी एकच कप्पा, दोन तास, दोन माणसं. ढीग तीन: ठेवायचं, द्यायचं, ठरत नाही. तिसरा ढीग खोक्यात भरून वर तारीख लिहा आणि सहा महिन्यांनी उघडा. रोज नेसायची एखादी साडी, शाल किंवा वापरात असलेला कपडा न धुता हवाबंद पिशवीत ठेवा. एकदा धुतला की वास परत येत नाही, आणि ही चूक घर आवरायला आलेली मदतनीस माणसं भल्या हेतूने हमखास करतात. दारावरच चिठ्ठी लावा: "धुऊ नका." दोघा भावंडांना एकच वस्तू हवी असेल तर त्या दिवशी ती कुणीच न्यायची नाही.

लहान मुलं

नातवंडांना "आजी मेली" असंच सांगा, आणि "म्हणजे तिचं शरीर बंद पडलं, ती परत येणार नाही" हेही. "झोपली" म्हटलं तर मूल झोपायला घाबरतं, "देवाघरी गेली" म्हटलं तर कधी येणार ते विचारत राहतं. "आजारी होती" याला "फार मोठा आजार, सर्दी-तापासारखा नाही" एवढं जोडा. चार-पाच वर्षांचं मूल तोच प्रश्न वीसदा विचारेल. उत्तर दर वेळी तेच द्या. तुम्ही रडताना दिसलात तर "आईची आठवण आली" एवढं सांगून टाका.

तारखा

तिचा वाढदिवस, गेल्याची तारीख, ती साजरे करायची ते सणाचे दिवस, रुग्णालयातून फोन आला ती तारीख: हे सगळं आताच कॅलेंडरवर घाला आणि सूचना एक आठवडा आधीची लावा. त्या दिवसापेक्षा आधीचे चार-पाच दिवसच जास्त कठीण जातात, आणि कारण न कळता जातात. त्या दिवशी काय करायचं, कोण सोबत असेल, किती वाजता संपवायचं हे ठरवून ठेवा. अर्धा दिवस तिच्यासाठी, अर्धा नेहमीचा, असं केलं तर सहसा निभतं. मोबाईलमधल्या "या दिवशी" छापाच्या आठवणी बंद करता येतात; त्या अचानक समोर येतात म्हणून पहिलं वर्षभर बंदच ठेवलेल्या बऱ्या.

आईशी पटत नसेल तर

दुःख सरळ रेषेत येणार नाही. सुटका वाटेल, राग येईल, आणि लोक "माऊली होती" म्हणतील तेव्हा आतून काहीतरी वळेल. लोकांसमोर होकार देऊन गप्प राहिलात तरी चालेल, पण निदान एका माणसाला खरं सांगा. दीर्घ आजारात सेवा केलेल्यांनाही सुटका वाटते आणि मग अपराधी वाटतं. त्यांची आणखी एक अडचण असते, ती म्हणजे हाताला काम उरत नाही. दिवसातून चारदा औषध देणाऱ्या माणसाला त्या चार वेळा रिकाम्या दिसतात. त्यांतल्या निदान दोन भरा, बाहेर पडायला लागेल अशा कामांनी.

मदत कधी घ्यायची

मरून जावं असं वाटणं, त्याचा मार्ग मनात येणं, आईकडे जायची भाषा: यांत आठवड्याचीही वाट नको, त्याच दिवशी डॉक्टर किंवा आपत्कालीन सेवा गाठा आणि तोवर त्या माणसाला एकटं सोडू नका. बाकी मोजमाप असं आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात (आयसीडी-11) रेंगाळलेल्या शोकाचं निदान सहा महिन्यांनंतर करता येतं, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या 2022 च्या निकषांत प्रौढांसाठी 12 महिने धरतात. फक्त रडू येणं हा निकष नाही. जवळजवळ रोज तीव्र ओढ, तिच्याशिवाय दुसरा विचार नाही, ती गेली हे पटतच नाही, आणि त्यापायी नोकरी, घर, स्वतःची निगा कोलमडलेली, असं दिसलं तर जा. यासाठी ठरावीक बैठकांचा खास समुपदेशनाचा मार्ग आहे.

पहिल्या भेटीला जाताना एक कागद न्या: आई कधी गेली, झोप किती तास, वजन किती उतरलं, दारू-तंबाखू वाढली का, कुठलं काम आता होत नाही, आधी कधी नैराश्याचे उपचार झाले होते का. तिथे बसल्यावर यांतलं निम्मं आठवत नाही, आणि डॉक्टरांचे पहिले प्रश्न हेच असतात.